विमानतळावरच्या तपासणीत आपली पर्स कशी सांभाळायची?

तायांनो, गटाचा माल घेऊन दिल्लीच्या सरस मेळ्याला जायचं म्हटलं की रेल्वेच डोळ्यासमोर येते. पण कधी विमानाचं तिकीटही हातात पडू शकतं. करमाडहून शहरात जाताना जालना रोडवर चिकलठाण्याचं विमानतळ आपण बाहेरून कितीदा बघतो! आत गेल्यावर खरी गडबड होते ती सुरक्षा तपासणीत.

मोठी बॅग काउंटरवर जमा होते, ती उतरल्यावरच मिळते. हातातली पिशवी, पर्स, मोबाईल मात्र ट्रेमध्ये ठेवून सरकत्या पट्ट्यावर सोडायचे. ते एक्स-रे मशीनमधून पलीकडे निघतात. आपण तेव्हा बायकांच्या वेगळ्या रांगेत असतो, कारण आपली तपासणी पडद्याआड महिला जवान करते. म्हणजे आपण पडद्यामागे आणि पर्स पलीकडे उघड्यावर. चोरीच होईल असं नाही, पण घाईत कुणी सारखीच काळी पर्स उचलून नेली तर?

म्हणून पुढची रांग लांब असेल तर ट्रे लगेच ढकलू नका. आपला नंबर जवळ आला की सोडा. दोघी-तिघी असाल तर एकीने आधी तपासून घ्यावं आणि पलीकडे जाऊन सगळ्यांच्या ट्रेवर नजर ठेवावी. पर्सला जुन्या साडीच्या काठाची पट्टी बांधा, लांबून ओळखू येते.

विक्रीचे पैसे शक्यतो गटाच्या खात्यावरच भरून या. थोडी रोकड असेलच, तर ती रांगेत लागण्याआधी पर्सच्या आतल्या चेनच्या कप्प्यात ठेवा. कमरेचा बटवा ऐनवेळी चारचौघांत काढावा लागला तर तो ट्रेमध्ये सुटा पडतो. मंगळसूत्र, बांगड्या सहसा काढायला सांगत नाहीत. उगाच आधीच काढून ट्रेमध्ये ठेवू नका.

ट्रेमध्ये किती वस्तू ठेवल्या ते मोजा: पिशवी, पर्स, मोबाईल, तीन. पलीकडेही तीनच उचला. आधार कार्ड ट्रेच्या तळाला चिकटून राहतं, तिथे हात फिरवून बघा.

पिशवी बाजूला काढून जवानाने "ये बैग किसका है?" विचारलं तर घाबरू नका. हात वर करा, पुढे व्हा, आपल्यासमोरच उघडू द्या. बहुतेक वेळा आत विळी, कात्री नाहीतर लोणच्याची बरणी निघते. या वस्तू मोठ्या बॅगेत घालायच्या. पॉवर बँकेचं उलटं, ती हातातल्या पिशवीतच हवी. आणि सुकं खोबरं घरीच ठेवा. त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकतं, म्हणून चालत नाही.

काही हरवलंच तर विमानाकडे पळू नका. तिथल्या तिथे जवानाला सांगा, कॅमेरे असतात. विमानात बसल्यावर लक्षात आलं तर एअर होस्टेसला सांगा आणि उतरल्यावर त्या विमानतळाच्या हरवलेल्या सामानाच्या कक्षात फोन करा. तारीख, वेळ आणि वस्तूची खूण विचारतात. साडीच्या काठाची पट्टी तिथेही कामाला येते.