पहाऱ्याला माणूस हवा

11 ऑगस्ट 2018. शनिवार होता. त्या दिवशी पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे पैसे 28 देशांतल्या एटीएममधून बाहेर पडत होते आणि बँकेच्या मुख्य संगणकप्रणालीला त्याचा पत्ताच नव्हता. एरवी एटीएममध्ये कार्ड घातले की यंत्र मधल्या ‘स्विच’ला विचारते, स्विच बँकेच्या कोअर बँकिंगला विचारतो, खात्यात पैसे असले तर होकार येतो आणि मग नोटा बाहेर येतात. हल्लेखोरांनी या साखळीच्या मध्येच आपला बनावट स्विच बसवला. नक्कल केलेल्या कार्डांच्या प्रत्येक मागणीला तोच होकार देत राहिला, प्रश्न खऱ्या बँकेपर्यंत पोचलाच नाही. परदेशातून सुमारे 78 कोटी आणि देशातून सुमारे अडीच कोटी रुपये गेले. सोमवारी, 13 ऑगस्टला, बँकांमधल्या आंतरराष्ट्रीय व्यवहारांच्या स्विफ्ट यंत्रणेतून आणखी 13 कोटी 92 लाख रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले. एकूण आकडा 94 कोटी 42 लाख. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने पुढे या हल्ल्याचा उल्लेख उत्तर कोरियाच्या संदर्भात केला. पुण्याच्या न्यायालयाने एप्रिल 2023 मध्ये 11 जणांना दोषी ठरवले. त्यांच्या वाट्याचे काम प्रामुख्याने एटीएमपुढे उभे राहून पैसे काढण्याचे होते. सूत्रे हलवणारे हात सीमेपलीकडेच राहिले.

असे दरोडे शनिवार-रविवार गाठून घातले जातात, कारण त्या वेळी पडद्याकडे बघणारी माणसे कमी असतात. एकाच खातेदाराचे कार्ड दहा मिनिटांच्या अंतराने दोन देशांत वापरले गेले, मध्यरात्री एखाद्या कारकुनाच्या नावाने सर्व्हरमध्ये प्रवेश झाला, एरवी दिवसाला चार वेळा येणारी सूचना तासात चारशे वेळा आली, तर ते कुणीतरी पाहायचे असते, लॉग तपासायचे असतात, संशय खरा वाटला तर ताबडतोब वरच्याला उठवायचे असते. सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटरमध्ये, बोलीत ज्याला ‘सॉक’ म्हणतात तिथे, पहिल्या पायरीवरच्या विश्लेषकाचे काम हेच. ते चोवीस तास, तीन पाळ्यांत चालते. त्याला अभियांत्रिकीच्या पदवीपेक्षा चिकाटी, नेटवर्कची पक्की समज आणि शंका घेण्याची सवय जास्त लागते.

ही माणसे कमी आहेत, हे सांगणारे आकडे भरपूर आहेत. आयएससी-टू या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 2024 च्या पाहणीनुसार जगात या क्षेत्रात सुमारे 55 लाख लोक काम करतात आणि आणखी जवळजवळ 48 लाख हवे आहेत. आपल्या केंद्र सरकारने 2013 च्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा धोरणात पाच वर्षांत पाच लाख कुशल माणसे घडवण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. दरम्यान चोरांनी आपले मनुष्यबळ वाढवले: 2024 या एका वर्षात देशातल्या नागरिकांनी सायबर फसवणुकीत 22,845 कोटी रुपये गमावले. आदल्या वर्षी हा आकडा 7,465 कोटी होता. पण ‘48 लाखांची कमतरता’ म्हटले की डोळ्यांपुढे पुण्यातल्या हिंजवडी-खराडीच्या आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारती येतात, आणि तिथेच विचाराची दिशा चुकते. मोठ्या कंपन्या पगार वाढवून माणूस मिळवतात. खरी उणीव त्यांच्याखालच्या थरात आहे. देशातल्या नागरी सहकारी बँकांपैकी सर्वांत जास्त महाराष्ट्रात आहेत. कॉसमॉसनंतर रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर 2018 मध्ये या बँकांसाठी किमान सुरक्षा नियम घातले आणि डिसेंबर 2019 मध्ये त्यांच्या चार श्रेणी पाडून प्रत्येकीवर वेगवेगळ्या जबाबदाऱ्या टाकल्या. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा यंत्रणेने एप्रिल 2022 मध्ये काढलेल्या आदेशानुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. नियम झाले, पण तालुक्याच्या बँकेत, नगरपालिकेत, पतसंस्थेत किंवा खासगी रुग्णालयात तो सहा तासांचा अहवाल लिहायला माणूस कुठे आहे? तिथला ‘संगणकवाला’ प्रिंटरही दुरुस्त करतो आणि फायरवॉलही सांभाळतो.

आता दुसरी बाजू पाहू. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडून येणारी एसटी पुण्यात टेकते ती स्वारगेटला. शिकायला येणाऱ्या मुलामुलींचा लोंढा तिथून सदाशिव पेठ, नवी पेठेतल्या अभ्यासिकांकडे आणि खाणावळींकडे वळतो. स्वारगेटच्या भोवती डायस प्लॉट आणि पर्वतीच्या उतारावरची जनता वसाहत आहे. तिथली मुले पुण्यातच जन्मली, तरी हिंजवडी त्यांना बाहेरगावच्या मुलांइतकीच दूर आहे. यांतली हजारो मुले पदवी हातात असताना स्पर्धा परीक्षांच्या मागे पाच-सहा वर्षे घालवतात, काही रात्री कुरिअरच्या गोदामात किंवा डिलिव्हरीच्या गाडीवर काढतात. चिकाटी आणि रात्री जागण्याची तयारी या दोन्ही गोष्टी त्यांच्यापाशी आहेत. पहिल्या पायरीच्या विश्लेषकाकडून याच दोन गोष्टी मागितल्या जातात.

मग अडते कुठे? सर्वसाधारण उत्तर असे की शिक्षण महाग आहे, ते फुकट करा. हे उत्तर अर्धेच खरे आहे. फुकट शिक्षण आज भरपूर आहे. आयएससी-टूनेच 2022 मध्ये दहा लाख लोकांना प्रवेशपातळीचा अभ्यासक्रम आणि परीक्षा मोफत देण्याचा संकल्प सोडला. वायरशार्क, काली लिनक्स, वाझू ही या धंद्याची रोजची अवजारे कुणालाही विनामूल्य उतरवून घेता येतात. केंद्र सरकारचा माहिती सुरक्षा शिक्षणाचा प्रकल्प 2005 पासून चालू आहे आणि 2023 मध्ये त्यात 2 लाख 65 हजार लोकांना प्रशिक्षण देण्याचे ठरले. पण काली लिनक्ससोबत दोन-तीन आभासी यंत्रे एका वेळी चालवून हल्ला आणि बचाव दोन्ही करून पाहायचे तर 16 जीबी मेमरीचा लॅपटॉप लागतो. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 2017-18 च्या फेरीत देशातल्या ग्रामीण कुटुंबांपैकी फक्त 4.4 टक्के घरांत संगणक होता. मोबाइलवर व्हिडिओ पाहून प्रमाणपत्र मिळते, हात बसत नाही. त्यापुढची पायरी म्हणजे सी-डॅकचा माहिती सुरक्षेचा सहा महिन्यांचा पूर्णवेळ पदविका अभ्यासक्रम. 1988 पासून पुण्यातच असलेल्या या संस्थेचा दर्जा वादातीत आहे, पण फी करासह लाखाच्या घरात जाते, आणि सहा महिने कमाई बंद ठेवून पुण्यात राहण्याचा खर्च वेगळा. कंपन्या ज्याला मान देतात त्या ओएससीपीसारख्या परीक्षेला दीड हजार डॉलरहून अधिक मोजावे लागतात.

फीपेक्षा जड पडतो तो बुडणारा रोज. महाराष्ट्राच्या शिष्यवृत्ती योजना वाईट नाहीत. 2024-25 पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक पदवीचे शिक्षण शुल्क माफ झाले, अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना स्वाधार योजनेतून पुण्यासारख्या शहरात वर्षाला 60 हजार रुपयांपर्यंत मदत मिळते. पण या योजना मान्यताप्राप्त पदवी-पदविकेच्या चौकटीत बसवलेल्या आहेत. परीक्षेचे व्हाउचर, लॅपटॉप, किंवा शिकण्यासाठी सोडलेली रात्रपाळीची मजुरी यांना त्या चौकटीत जागा नाही. म्हणून माझे म्हणणे असे: गरीब विद्यार्थ्याला आणखी एक मोफत कोर्स देण्यापेक्षा त्याला पगारी सराव द्यावा, आणि तो सराव ज्यांना पहारेकरी परवडत नाही अशा सहकारी बँकांत, नगरपालिकांत, सार्वजनिक सेवांत द्यावा. गरजा दोन आहेत, पण एकीच्या पोटातच दुसरीचे उत्तर आहे.

या मातीला हे नवे नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व रयत शिक्षण संस्थेत रुजवले. अच्युतराव आपट्यांनी 1955 मध्ये उभी केलेली पुण्याची विद्यार्थी सहाय्यक समिती आजही खेड्यातल्या गरजू मुलामुलींची राहण्या-जेवण्याची सोय त्याच विचाराने करते. फरक इतकाच, की कमवण्याचे काम आणि शिकण्याचा विषय तेव्हा बहुधा वेगळे असत. सायबर सुरक्षेत ते एकच करता येतात. पुण्यातल्या या धंद्याचा इतिहासही त्याचीच साक्ष देतो. रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले. पुढे स्वतःचे दुरुस्तीचे दुकान काढले आणि धाकटे भाऊ संजय यांना मॉडर्न महाविद्यालयात संगणक शिकवला. दुकानात येणारे संगणक व्हायरसने बिघडलेले असत. संजय यांनी त्यावर औषध लिहिले, आणि त्यातून क्विक हील ही कंपनी उभी राहिली. 2016 मध्ये ती शेअर बाजारात नोंदली गेली. या कथेतला लक्षात घेण्याजोगा भाग भांडवलबाजाराचा नव्हे. बिघडलेली खरी यंत्रे रोज समोर येत होती आणि ती दुरुस्त करण्याचे पैसे मिळत होते, म्हणून शिक्षण झाले.

व्यवहारात हे कसे बसवायचे? अमेरिकेत काही विद्यापीठे ‘सायबर क्लिनिक’ चालवतात. वैद्यकीय महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागासारखे ते काम असते: शिक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी छोट्या संस्थांची तपासणी करतात, जुने पासवर्ड, उघडे राहिलेले पोर्ट, कधीच परत भरून न पाहिलेला बॅकअप शोधून काढतात. तिथली संघराज्य सरकारची जुनी शिष्यवृत्ती योजना तर शिक्षणाचा खर्च देऊन त्या बदल्यात तितकी वर्षे सरकारी सेवा मागते. आपल्याकडे डॉक्टरांच्या बंधपत्रामुळे ही कल्पना ओळखीचीच आहे. तुकडेही आपल्याकडे सगळे आहेत. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीला 6, आयटीआय-पदविकेला 8 आणि पदवीधराला 10 हजार रुपये महिना विद्यावेतन ठरले. आयटीआयच्या केंद्रीय यादीत सायबर सिक्युरिटी असिस्टंट हा ट्रेड आला आहे. बार्टी आणि सारथी या राज्य सरकारच्या प्रशिक्षण संस्थांची मुख्यालये पुण्यातच आहेत, आणि सारथीने एमकेसीएलबरोबर संगणक कौशल्याचा अभ्यासक्रम चालवून दाखवला आहे. 2001 मध्ये सुरू झालेला एमएस-सीआयटी हा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम गावोगावच्या केंद्रांतून एक कोटीहून अधिक लोकांपर्यंत पोचला, तो अभ्यासक्रम फार थोर होता म्हणून नव्हे, तर नोकरीशी त्याची गाठ बांधलेली होती म्हणून. तशी गाठ इथे बांधावी लागेल: विद्यावेतनाचा काळ किमान वर्षावर न्यावा, आणि ते वर्ष सहकारी बँकांनी एकत्र येऊन चालवलेल्या सामायिक सॉकमध्ये काढलेले असावे. पदवीधराच्या दराने अशा एका उमेदवाराचे वर्षाचे विद्यावेतन सव्वा लाखाच्या आत राहते. कॉसमॉसमधून गेलेल्या रकमेत साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांचे वर्षभराचे वेतन निघाले असते.

यावर पहिला आक्षेप जाणकारांकडूनच येतो: तुटवडा अनुभवी लोकांचा आहे, फ्रेशर तर आजच बेकार आहेत. हे खरे आहे. त्याच 2024 च्या पाहणीत माणसे न नेमण्याचे पहिले कारण म्हणून संस्थांनी पैशाची चणचण सांगितली, उमेदवार न मिळणे त्याच्या मागे पडले. नुसते वर्ग वाढवून प्रश्न सुटणार नाही, असे मी म्हणतो ते याचमुळे. तीन वर्षांचा अनुभव मागणाऱ्या जाहिरातींच्या जगात पहिले वर्ष कुणीतरी द्यावे लागते. ते वर्ष आज ओळखीपाळखी आणि घरचा आधार असणाऱ्यांनाच मिळते.

दुसरा आक्षेप कृत्रिम बुद्धिमत्तेचा. पहिल्या पायरीचे अलर्ट चाळण्याचे काम यंत्र करू लागले आहे, मग ही पायरीच राहणार नाही, असे म्हणतात. बड्या केंद्रांत ती आकसेल, हे मान्य. पण यंत्राने दिलेला इशारा खरा मानून शाखेचा सर्व्हर बंद करायचा की नाही, हे कुणीतरी ठरवायचे असते. नोकरी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचे लॉगिन चालूच आहे, हे शाखेत बसून यादी पडताळल्याशिवाय कळत नाही. जिथे आज एकही माणूस नाही, तिथे यंत्र माणसाची जागा घेईल, ही भीती पोकळ आहे.

तिसरा आक्षेप फारसा उघड बोलला जात नाही, म्हणून त्याला उत्तर देणे अधिक गरजेचे. गरजू पोरांना हल्ल्याचे तंत्र शिकवले तर ती वाममार्गाला लागतील, ही ती शंका. वस्तुस्थिती उलटी आहे. गुन्हेगारांना गरीब मुलगा हवा असतो तो तंत्रासाठी नव्हे. त्याचे बँक खाते भाड्याने हवे असते, कार्ड घेऊन एटीएमपुढे उभे राहायला माणूस हवा असतो. मार्च 2025 मध्ये भारतीय हवाई दलाच्या विमानांनी म्यानमार-थायलंड सीमेवरून 549 भारतीयांना परत आणले. चांगल्या नोकरीच्या आमिषाने नेऊन त्यांना फसवणुकीच्या छावण्यांत कामाला जुंपले होते. महाराष्ट्र सायबरनेही त्याच वर्षी अशा तरुणांची सुटका केली. चोरांची भरती चालूच आहे आणि ती नेमकी याच वयाच्या, याच परिस्थितीतल्या मुलांमधून होते. ओळख-पडताळणी, लेखी आचारसंहिता, देखरेख हे सगळे हवेच, पण ते श्रीमंताच्या मुलालाही तितकेच हवे.

जागा म्हणून मी स्वारगेट सुचवतो, तेही व्यवहाराच्या कारणांनी. सप्टेंबर 2024 पासून मेट्रो इथपर्यंत आली. एसटी आहे, पीएमपीएमएलचे मुख्यालय आहे, आणि तिकिटे मोबाइलवर आल्यापासून सायबर सुरक्षा ही बससेवेचीही गरज झाली आहे. संध्याकाळी सहा ते रात्री अकरा उघडी राहणारी पन्नास यंत्रांची प्रयोगशाळा इथे असेल, तर लॅपटॉप नसलेल्याचीही अडचण मिटते आणि दिवसा काम करणाऱ्याचीही. शिकवणे मराठीत आणि साधने इंग्रजीत, अशी सरमिसळ पहिल्या दिवसापासून असावी. अलर्ट इंग्रजीतच येणार आहेत, पण टीसीपीची जोडणी कशी तुटते हे मराठीत अधिक लवकर कळते.

मुलींचा प्रश्न मात्र स्वतंत्रपणे हाताळावा लागेल. 2018 पासून मायक्रोसॉफ्ट आणि डेटा सिक्युरिटी कौन्सिल यांनी चालवलेल्या ‘सायबरशिक्षा’ने छोट्या गावांतल्या अभियंता मुलींना या क्षेत्रात आणले, त्यामुळे त्यांच्या कुवतीबद्दल शंका उरलेली नाही. अडचण पाळीची आहे. रात्रपाळी करणारी मुलगी पहाटे परतते तेव्हा मेट्रो बंद असते आणि वसतिगृहाचे दारही. वाहनाचा खर्च सामायिक सॉक चालवणाऱ्या बँकांनी उचलावा. वसतिगृहाच्या दाराला तर पैसाही लागत नाही. समाजकल्याणची सरकारी वसतिगृहे, विद्यापीठाची आणि विश्वस्त संस्थांची वसतिगृहे यांनी प्रवेशाच्या नियमांत एक कलम घालायचे आहे: प्रशिक्षण केंद्राचे पाळीपत्र दाखवणाऱ्या विद्यार्थिनीला कोणत्याही वेळी आत घेतले जाईल आणि सकाळची हजेरी माफ असेल. हे कलम येत्या जूनच्या प्रवेशांपासून लागू करता येईल.