जांभळ्या पिशवीतला कॅनडा

'राय' लिहिलेल्या बाटलीत राय किती असते? आणि आपल्याला आवडतं ते खरंच आपल्याला आवडतं, की आपल्या बॉसला? कॅनेडियन व्हिस्कीच्या चार ग्लासांमधून सापडलेला एक सरळ-साधा फंडा.

सगळ्याची सुरुवात झाली एका खोट्या 'वॉव'ने.

सरांना प्रमोशन मिळालं म्हणून त्यांच्या घरी पार्टी होती. त्यांनी मोठ्या प्रेमाने स्कॉटलंडच्या कुठल्याशा बेटावरची सिंगल माल्ट उघडली. किंमत ऐकून मला माझा ईएमआय आठवला. पहिला घोट घेतला आणि तोंडात थेट दवाखाना! धूर, आयोडीन, ओली राख. सगळे माझ्याकडे बघत होते. मी डोळे मिटून म्हटलं, 'वॉव सर, काय स्मोकी आहे!' सर इतके खूश झाले की त्यांनी लगेच दुसरा पेग भरला. तो संपवायला मला दीड तास आणि दोन प्लेट मसाला पापड लागले.

घरी येताना रिक्षात बसून विचार करत होतो. मिसळ कितपत तिखट हवी, हे आपण हॉटेलवाल्याला बिनधास्त सांगतो. चहात साखर किती, हेही सांगतो. मग व्हिस्की समोर आली की आपली जीभ टाळ्याला का चिकटते?

याचं उत्तर मिळालं ते पुढच्याच महिन्यात, मिसिसागाहून आलेल्या मंगेशदादामुळे. दादा आणि वहिनी, दोघांचा कोटा मिळून चार बाटल्या आल्या होत्या. त्यातली एक मखमली जांभळ्या पिशवीत, सोनेरी नाडीसकट. (ती पिशवी आता आईकडे आहे. तिने त्यात लक्ष्मीपूजनाची चांदीची नाणी ठेवली आहेत. पिशवी कशाची, हे तिला अजून कोणी सांगितलेलं नाही.)

शनिवारी माझ्या बाणेरच्या फ्लॅटवर मैफल जमली. बाटल्या टेबलावर आल्या आणि केदारने पहिला बॉम्ब टाकला, 'कॅनेडियन? ही तर ब्राऊन व्होडका रे!' शिकागोला दोन वर्षं ऑनसाइट काढून आलेला मंदार एक घोट घेऊन म्हणाला, 'दादा, तुम्ही लोक हिला राय म्हणता ना? राय मसालेदार पाहिजे. ही तर गोड आहे.' रेवती काहीच बोलली नाही. तिचा ग्लास मात्र रिकामा झाला होता.

दादा हसला. म्हणाला, 'तुम्ही दोघंही अर्धे बरोबर आहात.'

राय, राई आणि घोळ

आधी एक गोष्ट क्लिअर करू. ही राय म्हणजे फोडणीत तडतडते ती राई नव्हे. राय हे गव्हाच्या भाऊबंदांपैकी एक काटक धान्य. कडाक्याच्या थंडीत आणि हलक्या जमिनीतही तग धरतं. चवीला मात्र खमकं. लवंग, मिरी, थोडा हिरव्या गवताचा वास, असा त्याचा तोरा.

एकोणिसाव्या शतकात कॅनडात पिठाच्या गिरण्या होत्या आणि गिरणीत उरलेल्या गव्हाची व्हिस्की व्हायची. त्यात थोडीशी राय टाकली की चव खुलते, हे लक्षात आलं आणि गिऱ्हाईक 'ती राय द्या' म्हणू लागलं. म्हणजे नाव पडलं ते मसाल्यावरून, भाजीवरून नाही! पुढे मका स्वस्त आणि मुबलक झाला, गहू मागे पडला, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

आजही कॅनडाच्या कायद्यात 'कॅनेडियन व्हिस्की', 'राय व्हिस्की' आणि 'कॅनेडियन राय व्हिस्की' ही तिन्ही नावं एकाच पेयाची आहेत. लेबलवर 'राय' लिहायला राय अमुक टक्के हवीच, अशी अट नाही. अमेरिकेत मात्र आहे. तिथे राय व्हिस्कीसाठी धान्यात किमान ५१ टक्के राय लागते, शिवाय ती आतून जाळलेल्या कोऱ्या ओकच्या पिंपात मुरवावी लागते. मंदारची जीभ अमेरिकन नियमावर तयार झाली होती. चूक जिभेची नव्हती, अपेक्षेची होती.

कॅनडाच्या अटी वेगळ्या. धान्य आंबवणं, गाळणं आणि मुरवणं तिन्ही कॅनडातच झालं पाहिजे. ७०० लिटरपेक्षा मोठं नसलेल्या लाकडी पिंपात किमान तीन वर्षं काढली पाहिजेत. अल्कोहोल किमान ४० टक्के हवं. त्यापुढे मात्र ब्लेंडरला रान मोकळं.

उसळ वेगळी, तर्री वेगळी

आता खरी गंमत. अमेरिकेत बर्बन करताना मका, राय आणि बार्ली साधारणपणे एकाच पातेल्यात शिजते. खिचडीसारखी. कॅनडातली रूढ पद्धत म्हणजे अस्सल मिसळ! प्रत्येक धान्य वेगळं आंबवायचं, वेगळं गाळायचं, वेगळ्या पिंपात मुरवायचं आणि शेवटी एकत्र आणायचं.

यातली उसळ म्हणजे बेस व्हिस्की. ती बहुतेक वेळा मक्याची असते. उंच कॉलम भट्टीतून ९० टक्क्यांच्याही वर अल्कोहोल येईल इतकी गाळलेली. जितकं जास्त गाळाल तितका धान्याचा वास-चव मागे राहते, त्यामुळे ती हलकी, मऊ असते. तर्री म्हणजे फ्लेवरिंग व्हिस्की. ती रायची, बार्लीची, गव्हाची किंवा मक्याचीही असू शकते, पण कमी टक्क्यांवर गाळलेली. त्यामुळे धान्याचा सगळा ठसका तिच्यात शाबूत. उसळ किती, तर्री किती आणि कुठल्या पिंपातली, हे ठरवणारा मास्टर ब्लेंडर हा इथला खरा आचारी.

म्हणजे 'ब्राऊन व्होडका'मध्ये अर्धं सत्य आहे. बेस व्हिस्की भट्टीतून निघते तेव्हा ती व्होडकाच्या जवळच असते. पण व्होडकाला तीन वर्षं ओकच्या पिंपात काढावी लागत नाहीत. व्हॅनिला, टॉफी, सुकामेवा हे सगळं त्या लाकडातून येतं. आणि तर्री न घातलेल्या मिसळीवरून मिसळीला नावं ठेवणं म्हणजे जरा अतीच!

तो अकरावा हिस्सा

आता वादाचा मुद्दा. कॅनेडियन व्हिस्कीत ९.०९ टक्क्यांपर्यंत, म्हणजे अकराव्या हिश्श्यापर्यंत, बाहेरची मुरलेली दारू किंवा वाइन मिसळायची मुभा आहे. शुद्धतेचे भक्त इथे कपाळाला हात लावतात. गंमत अशी, की काही कंपन्या ही गोष्ट लपवत नाहीत, मिरवतात. कॅलगरीच्या अल्बर्टा डिस्टिलर्सची 'डार्क बॅच' घ्या. साधारण ९१ टक्के राय, ८ टक्के बर्बन आणि १ टक्का शेरी. शंभर भागांतला एक भाग शेरी, पण मनुकांसारखी गोडी लगेच लागते. चिमूटभर हिंगाने आमटी बदलते, तसंच. आता याला भेसळ म्हणायचं की रेसिपी? माझं मत रेसिपीकडे झुकतं. तुमचं वेगळं असू शकतं. पण मत देण्याआधी चाखा, इतकंच.

चार ग्लास, चार मतं

दादाने आणलेल्या चार बाटल्या म्हणजे चार पद्धती होत्या.

पहिली जांभळ्या पिशवीतली क्राउन रॉयल. १९३९ मध्ये ब्रिटनचे राजे सहावे जॉर्ज आणि राणी एलिझाबेथ कॅनडाच्या दौऱ्यावर आले, तेव्हा सीग्रामच्या सॅम्युएल ब्रॉन्फमनने त्यांच्यासाठी हे ब्लेंड केलं. पिशवीचा थाट तेव्हापासूनचा. ही बनते मॅनिटोबात, विनिपेग सरोवराच्या काठावरच्या गिमली या छोट्या गावात. वेगवेगळ्या मुरलेल्या व्हिस्क्या शेवटी एकत्र आणायची रूढ पद्धत हीच. चव व्हॅनिला आणि टॉफीची, अगदी लोण्यासारखी मऊ.

दुसरी कॅनेडियन क्लब. हायरम वॉकरने १८५८ मध्ये ओंटारिओत, आजच्या विंडसरला, डिस्टिलरी काढली. नदीपल्याड डेट्रॉईट. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती तेव्हा या नदीवरून काय काय गेलं असेल, ते सांगायला नको! हिची पद्धत उलटी आहे. ब्लेंड आधी करायचं आणि मग सगळं एकत्र पिंपात मुरू द्यायचं. चव हलकी, सुटसुटीत, शेवटी किंचित मिरी.

तिसरी फॉर्टी क्रीक. ओंटारिओतल्या ग्रिम्सबीच्या जॉन हॉल यांची ही निर्मिती. ते मूळचे वाइनवाले. त्यांनी मका, राय आणि बार्ली वेगवेगळी गाळली आणि प्रत्येकीला वेगळ्या प्रमाणात भाजलेलं पिंप दिलं. मग सगळ्यांना एकत्र करून शेरीच्या पिंपात ठेवलं. अक्रोड, मनुका, थोडी कॉफी.

चौथी लॉट नंबर ४०. शंभर टक्के राय, तांब्याच्या पॉट स्टिलमधून निघालेली. म्हणजे नुसती तर्री! लवंग, मिरी, भाजलेल्या पावाचा वास. रायची लापशी चिकट असते आणि आंबताना जाम फेसाळते, त्यामुळे निव्वळ रायची व्हिस्की करणं हे डोकेदुखीचं काम. पण घोट घेतला की कळतं, डोकेदुखी कशासाठी पत्करली ते.

निकाल? मंदार लॉट ४० ला चिकटला ('ही बघ, ही राय!'). ब्राऊन व्होडकावाला केदार फॉर्टी क्रीकचा दुसरा पेग मागत होता. वहिनींना कॅनेडियन क्लब जिंजर एलमध्येच हवी होती. आणि रेवती शांतपणे म्हणाली, 'मला पहिलीच आवडली. साधी आहे, गोड आहे, आवडली. आता मला कोणी हसू नका.' कोणी हसलं नाही. मी? बाकरवडीबरोबर लॉट ४०. बाकरवडीतला मसाला आणि रायची लवंग यांची अशी काही गट्टी जमते की विचारू नका!

तज्ज्ञांचं काय, असं विचाराल तर तेही ऐका. ब्रिटिश लेखक जिम मरे यांनी २०१६ च्या आपल्या 'व्हिस्की बायबल'मध्ये क्राउन रॉयलच्याच नॉर्दर्न हार्वेस्ट रायला जगातली सर्वोत्तम व्हिस्की ठरवलं. तिच्यात राय ९० टक्के. २०२१ च्या आवृत्तीत तोच मान अल्बर्टा प्रीमियम कास्क स्ट्रेंथला मिळाला, म्हणजे शंभर टक्के राय. स्कॉचच्या चाहत्यांनी पहिल्या वेळी नाकं मुरडली, तर इतर लोक दुकानांकडे धावले. दोन्ही मंडळींनी एकच गोष्ट विसरून टाकली. निकाल शेवटी एका माणसाच्या जिभेचा होता. आणि त्या माणसाला तर्री जास्त आवडते, हे उघड आहे!

सीग्राम आपला की त्यांचा?

क्राउन रॉयलच्या गोष्टीत सीग्राम हे नाव वाचून तुम्ही थबकला असाल, तर बरोबर थबकलात. आपल्याकडच्या रॉयल स्टॅग आणि ब्लेंडर्स प्राइडवर दिसणारा सीग्राम मूळचा ओंटारिओतल्या वॉटर्लूचा. जोसेफ सीग्रामची डिस्टिलरी पुढे ब्रॉन्फमन घराण्याकडे गेली आणि जगभर पसरली. २००१ मध्ये तिचा दारूचा धंदा विकला गेला. क्राउन रॉयल गेली दियाजिओकडे, भारतातले ब्रँड पर्नो रिकारकडे. त्यामुळे पिशवीतली आणि आपल्या परमिट रूममधली, या दोघी नावाच्या चुलत बहिणी. आपल्याकडची मात्र कॅनेडियन व्हिस्की नव्हे. कॅनडात गाळून तिथेच मुरली नाही, तर नाव कितीही ओळखीचं असो, ती कॅनेडियन होत नाही.

घरच्या घरी टेस्टिंग

- तीन-चार प्रकार, प्रत्येकी १५ मिली. पेग भरायचे नाहीत, ही स्पर्धा नव्हे.
- बाटल्या झाका. एकाने ओतायचं, बाकीच्यांनी लेबल न बघता चाखायचं. किंमत शेवटी सांगायची.
- आधी नुसता वास घ्या, मग घोट. मग चमचाभर पाणी घालून पुन्हा. पाण्याने चव उघडते.
- 'छान' आणि 'वॉव' या शब्दांवर बंदी. लवंग, टॉफी, ओलं लाकूड, काहीही म्हणा, पण जे लागलं तेच म्हणा.
- चखणा शेवटी. आधीच चकली खाल्लीत तर सगळ्या व्हिस्क्या चकलीसारख्याच लागतील.
- महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वयाची पंचविशी पूर्ण लागते. आणि घरी जाताना गाडीची चावी खिशात, रिक्षा दारात.

आता शेवटचं. दिवाळीनंतर सरांकडे पुन्हा पार्टी झाली. तीच बाटली पुढे आली. मी मोठा श्वास घेतला आणि म्हटलं, 'सर, खरं सांगू? मला ही धुराची झेपत नाही. राय असेल तर चालेल.'

खोलीत दोन सेकंद शांतता. मग सर म्हणाले, 'अरे, मग तेव्हाच का नाही सांगितलंस? दोन पेग फुकट घालवलेस माझे!'

आणि कोपऱ्यातून अकाउंट्सच्या जोशीकाकांचा हळूच आवाज आला, 'सर... मलाही राय चालेल.'