थ्रिप्स पार्विस्पायनस : मिरचीवरील फुलकिड्याचे नाव आणि प्रसार

मिरचीवरील फुलकिडे भारतीय शेतकऱ्यांस नवे नाहीत. कोवळ्या पानांतील रस शोषून पाने वरच्या बाजूस वळविणाऱ्या सिर्टोथ्रिप्स डॉर्सॅलिस या प्रजातीचे वर्णन अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ हुड यांनी १९१९ मध्ये कोइमतूरच्या नमुन्यांवरून केले होते. त्यामुळे २०२१ च्या हंगामात आंध्र प्रदेश, तेलंगणा व कर्नाटकात मिरचीची फुलगळ वाढली, तेव्हा हा तोच जुना फुलकिडा असावा, असा समज होणे स्वाभाविक होते. नमुन्यांच्या तपासणीत मात्र थ्रिप्स पार्विस्पायनस ही वेगळी प्रजाती आढळली.

या प्रजातीचे प्रथम वर्णन कार्नी यांनी १९२२ मध्ये थायलंडमधील नमुन्यांवरून केले. ‘पार्विस्पायनस’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘लहान काट्यांचा’ असा होतो. कार्नी यांनी तिला आयसोन्यूरोथ्रिप्स या प्रजातिसमूहात ठेवले होते. पुढे ती थ्रिप्स समूहात आली. प्राणिनामकरणाच्या नियमांनुसार समूह बदलला की मूळ वर्णनकर्त्याचे नाव कंसात लिहितात. म्हणून येथे ‘(कार्नी)’ असे लिहिले जाते, तर डॉर्सॅलिसपुढील ‘हुड’ कंसाविना राहतो.

ही कीड मूळची आग्नेय आशियातील. विसाव्या शतकाच्या अखेरीस ती ग्रीसमध्ये गार्डेनियावर आढळली. २००६ मध्ये हवाई बेटांवर आणि २०२० मध्ये फ्लोरिडात तिची नोंद झाली. भारतातील पहिली नोंद २०१५ मध्ये बेंगळूरु येथील पपईवरची आहे. जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा हा कीटक शोभेच्या रोपांबरोबर सहज दूरवर पोहोचू शकतो. पपईवरील त्या नोंदीनंतर अवघ्या सहा वर्षांत तो मिरचीचा मोठा शत्रू ठरला.

दोन्ही प्रजातींत फरक आहे. डॉर्सॅलिस फिकट पिवळा असून प्रामुख्याने कोवळ्या पानांवर राहतो. पार्विस्पायनसची मादी गडद तपकिरी असते. प्रौढ फुलांत गर्दी करतात, तर पिले पानांच्या खालच्या बाजूस खरवडून रस शोषतात. त्यामुळे फुले गळतात आणि फळधारणा घटते. नर मात्र पिवळसर व लहान असल्याने केवळ रंगावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते. फुले पांढऱ्या कागदावर झटकून मिळालेले कीटक अल्कोहोलमध्ये जतन करावेत आणि तज्ज्ञांकडून सूक्ष्मदर्शकाखाली ओळखून घ्यावेत.

ओळख चुकली की उपायही चुकतो. फुलांत दडलेल्या किडीपर्यंत फवारा नीट पोहोचत नाही. घाबरून केलेल्या वारंवार फवारण्यांनी मित्रकीटक मरतात, खर्च वाढतो आणि कीड मात्र शिल्लक राहते. निळे चिकट सापळे, फुलांची नियमित पाहणी, निरोगी रोपे व जैविक कीटकनाशके यांचा एकत्रित वापर अधिक उपयुक्त ठरतो. शास्त्रीय नाव शेतकऱ्यास दूरचे वाटेल. परंतु कोणत्या किडीशी गाठ आहे, हे त्यावरूनच ठरते.