यादी मोडनिंबची, बाजार सोलचा

परगावी निघालेल्या माणसाच्या खिशात यादी कोंबल्याशिवाय त्याला वेशीबाहेर जाऊ द्यायचे नाही, असा आमच्या मोडनिंबचा अलिखित नियम आहे. पुणे-सोलापूर हमरस्त्यावरचे गाव. दिवसभर गाड्या येतात नि जातात. सोलापूरला निघालात तर चादर, पुण्याला निघालात तर बाकरवडी आणि पंढरपूरला निघालात तर कुंकू, हे न सांगताही ठरलेले असते. पण गेल्या मे महिन्यात मी दक्षिण कोरियाला निघालो आणि ज्या याद्या हाती आल्या, त्या वाचताना मराठीचा हा प्राध्यापक आयुष्यात प्रथमच निरक्षर ठरला.

जाण्याचे कारण अगदी घरगुती होते. माझा भाचा सुवॉन शहरात अभियंता आहे. सुनेच्या बाळंतपणासाठी आमची अक्का तिकडे गेली होती. तिला एकटीला विमान बदलत परत यायची धास्ती वाटत होती. कॉलेजला सुट्टी, म्हणून तिला आणण्याची कामगिरी माझ्याकडे आली. ही बातमी संध्याकाळपर्यंत गावभर झाली आणि रात्रीपासून याद्या येऊ लागल्या. शेजारच्या वहिनी चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य करणाऱ्या. त्यांच्या यादीत पहिलीच वस्तू निघाली गोगलगाईच्या चिकट स्रावाचे चेहऱ्याला लावायचे सार! मी विचारले, "वहिनी, हे चालतं तुम्हाला?" त्या म्हणाल्या, "भावोजी, खायचं थोडंच आहे?" आमच्या कॉलेजच्या कार्यालयातील ताईंना दहा शीट मास्क हवे होते. सौभाग्यवतींनी उन्हाची क्रीम सांगितली. कन्येने सहा वस्तू लिहून दिल्या आणि सहाव्या वस्तूखाली दोनदा रेघ ओढली.

प्रवासाहून तोंडाला लावायचे काहीतरी आणावे, ही रीत आमच्या मुलखाला नवी नाही. पंढरपूर इथून अर्ध्या-पाऊण तासाच्या वाटेवर. १९०६ साली बार्शी लाइट रेल्वेची अडीच फूट रुंदीची गाडी पंढरपूरला पोचली आणि परतीच्या डब्यांतून कुंकवाच्या पुड्या गावोगाव जाऊ लागल्या. त्याआधी त्या वारकऱ्यांच्या पडशीतून जातच होत्या. देवळाभोवतीच्या दुकानांत कुंकवाचे शंकूसारखे उभे ढीग ज्याने पाहिले नाहीत, त्याने पंढरपूर पुरते पाहिलेच नाही. अस्सल कुंकू म्हणजे मुळात हळद. तिला लिंबाचा रस, टाकणखार यांचे संस्कार झाले की पिवळ्याचे लाल होते. माझी आजी पुडी घेताना चिमूट तळहातावर चोळून पाही, वास घेई आणि नाक मुरडून म्हणे, "रंगाचं आहे, हळदीचं नाही." तिला लिहिता-वाचता येत नव्हते, पण माल पारखणे म्हणजे काय, ते मी तिच्यामागे उभा राहून शिकलो. नुसत्या रंगाच्या कुंकवाने कपाळाला खाज सुटलेल्या आणि पांढरा डाग पडलेल्या बायका आमच्या गल्लीतही होत्या.

आजीचे नाक माझ्याजवळ नव्हते, म्हणून मी अक्षरांचा आश्रय घेतला. कोरियन लिपी, हंगुल, ही राजा सेजोंगने १४४३ साली सिद्ध केली आणि १४४६ साली लोकांपुढे ठेवली. मूळ अक्षरे अवघी चोवीस: चौदा व्यंजने, दहा स्वर. आपण जोडाक्षर रचतो तशी ती एका चौकटीत रचायची. आठवडाभरात मी अडखळत का होईना, पाट्या वाचू लागलो. त्यातले दोन शब्द फार कामाचे निघाले. वेष्टनावर तारीख असते, ती आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी. तिच्यापुढे 'जेजो' असेल तर ती बनवल्याची तारीख. 'क्काजी' असेल तर तोवर वापरण्याची मुदत. 'क्काजी' म्हणजे 'पर्यंत'. आपल्यासारखेच नामाच्या मागून येणारे! परक्या मुलखात एक शब्दयोगी अव्यय भेटले आणि मला जवळचा नातलग भेटल्यासारखे वाटले. एकावर एक फुकट मिळणाऱ्या मास्कांच्या गठ्ठ्यावर याच अव्ययाने मला सावध केले. त्यांची मुदत दोन महिन्यांत संपत होती, आणि कार्यालयातील ताई एखादी वस्तू किती दिवस जपून ठेवतात ते मला ठाऊक होते.

बाजार कुठला, तर सोलमधील म्योंगदोंग. सुवॉनहून भुयारी रेल्वेने तासाभराहून थोडे अधिक. मी अक्काला बरोबर नेले. नऊवारीतली अक्का त्या गल्लीत उतरली आणि दहा मिनिटांत तिच्या हातावर चार दुकानांतील क्रीम चोळून झाले. दुकानांतील मुली हातात टोपली देतात, अदबीने वाकतात. सौंदर्यप्रसाधनांचे ऑलिव्ह यंग नावाचे दुकान तर तिकडे कोपऱ्याकोपऱ्यावर. १९९९ साली निघालेले. परदेशी प्रवाशाने एका वेळी पंधरा हजार वॉनची खरेदी केली की पासपोर्ट दाखवून कर जागीच वजा होतो. पंधरा हजार ऐकून अक्का दचकली. रुपयाला सोळा-एक वॉन पडत होते, म्हणजे हजाराच्या आतलाच हिशेब, हे तिला शेवटपर्यंत पटले नाही. 'हजार वॉनचा कागद तोंडाला लावून फेकून द्यायचा!' हे तिचे पालुपद मला सुवॉनपर्यंत ऐकावे लागले. तो कागद साठ-पासष्ट रुपयांचा होता.

एका मुलीने मला एक हिरवी डबी दाखवली. तिकडे 'सिका' या नावाने तिचे मोठे प्रस्थ आहे. घटक वाचता वाचता 'सेंटेला एशियाटिका' हे नाव दिसले आणि मला हसू आले. ही तर आपली मंडूकपर्णी! आपल्याकडे बरेच लोक हिलाच ब्राह्मी म्हणतात आणि कोकणात करिवणा. जखमी वाघ या गवतात लोळून बरा होतो, असे तिकडे सांगतात. म्हणून हिचे नाव वाघाचे गवत. पुढच्या फळीवर तांदळाच्या धुवणाच्या बाटल्या होत्या. अक्काने त्या ओळखल्या आणि ती त्या मुलीला चक्क मराठीत म्हणाली, "अगं, हे आम्ही म्हशीला घालतो!"

पण या चकचकाटामागचा इतिहास काही नुसता गुळगुळीत नाही. केसोंग शहरात १९३२ च्या सुमारास युन दोक-जंग नावाची एक बाई कॅमेलियाच्या बियांचे तेल काढून केसांसाठी विकत असे. तिच्या मुलाने १९४५ साली कंपनी काढली. तीच आजची अमोरेपॅसिफिक. हे झाले सांगण्याजोगे. त्याआधी, १९१६ च्या सुमारास, 'पाकगाबुन' नावाची चेहऱ्याची पावडर बाजारात आली होती. देखण्या डबीत मिळे, घरोघर खपे. तिच्यात शिसे होते. बायकांची कातडी बिघडू लागली, बोभाटा झाला आणि १९३० च्या दशकात ती बंद पडली. आज कोरियात रंग उजळ करण्याचा, सुरकुत्यांचा किंवा उन्हापासून बचावाचा दावा करणाऱ्या मालाला सरकारी नियमांच्या वेगळ्या चाळणीतून जावे लागते.

हे मी इतक्या बारकाईने का पाहत होतो, ते सांगितले पाहिजे. दोन वर्षांपूर्वी आमच्या कन्येने एक क्रीम लावले होते. कुणाकडून तरी घेतलेली पांढरी डबी. तिच्यावर ना बनवणाऱ्याचे नाव, ना घटक, ना तारीख. पंधरा दिवसांत चेहरा उजळला. घरात कौतुकही झाले. त्यात मीही होतो. महिन्याभराने गालांवर पुरळ आले, आणि क्रीम थांबवताच आधीपेक्षा काळे डाग पडले. सोलापूरच्या त्वचारोगतज्ज्ञांनी डबी पाहिली आणि पहिल्याप्रथम लघवी तपासायला सांगितली. तोंडाच्या क्रीमचा आणि लघवीचा काय संबंध, असे मी विचारले. ते म्हणाले, "यात पारा असू शकतो." पारा त्वचेत रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा झटपट उजळतो. पण तो कातडीतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडे नासवतो. अकोल्याच्या एका कुटुंबातील तरुणी, तिची आई आणि बहीण यांना असाच मूत्रपिंडांचा विकार जडला आणि त्याचे मूळ क्रीममधल्या पाऱ्यात निघाले, ही बातमी २०२३ साली वर्तमानपत्रांत आली होती. मी ती वाचली होती आणि पान उलटले होते. आमच्या मुलीचा अहवाल चांगला आला. तो येईपर्यंतचे तीन दिवस मी कॉलेजात काय शिकवले, ते मला आठवत नाही.

आपल्याकडे २०२० च्या नियमांनुसार सौंदर्यप्रसाधनात मुद्दाम पारा घालता येत नाही; नकळत उरला तरी चेहऱ्याच्या क्रीममध्ये दहा लाखांत एक भाग, एवढीच मुभा. बाहेरून आणून इथे विकलेल्या मालावर आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक हवा. नाव नसलेली डबी फुकट दिली तरी घेऊ नये, हे मी आता वर्गातही सांगतो, अभ्यासक्रमात नसताना. आणि खरा माल असला तरी आधी कानामागे किंवा कोपराच्या आत लावून दोन दिवस वाट पाहावी, एकदम चार नव्या वस्तू सुरू करू नयेत, हेही त्या डॉक्टरांचेच सांगणे.

तर म्योंगदोंगला पाच वस्तू टोपलीत पडल्या आणि मी सहावीपाशी आलो. वेष्टनावर ठळक अक्षरांत 'मिबेक' होते. चिनी मुळाचा शब्द. 'मि' म्हणजे सुंदर, 'बेक' म्हणजे पांढरे. मी घरी फोन लावला. सोलला दुपारचे तीन, मोडनिंबला साडेअकरा.

"बाबा, सापडली का शेवटची?"

"सापडली. पण हे रंग उजळायचं आहे. तुला कशाला?"

"डाग जायला."

"डाग तर कधीच गेले."

पलीकडे थोडा वेळ कुणी बोलेना. मग ती म्हणाली, "मग गव्हाळ व्हायला."

मी गप्प झालो. मार्चमध्ये पुतणीच्या लग्नासाठी माहितीपत्रक करायचे ठरले होते. घरातला भाषेचा माणूस म्हणून ते माझ्याकडे आले. वर्ण या शब्दापुढे मराठीने कितीतरी पायऱ्या रचून ठेवल्या आहेत: गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा, काळासावळा. 'निमगोरा' हा तर तडजोडीचा उत्तम नमुना. पुतणी सावळी आहे. माझी कन्याही अगदी तिच्याच वर्णाची. मी 'सावळी' लिहिले, खोडले आणि 'गव्हाळ' लिहिले. नकार यायला नको, एवढाच हेतू. त्या कागदाची सुवाच्य प्रत करायला मी कन्येलाच बसवले होते. तिने मुकाट्याने लिहून दिली. त्याच आठवड्यात आषाढीच्या तयारीचे बोलणे निघाले आणि ती जेवताना एवढेच म्हणाली होती, "विठोबाचं माहितीपत्रक तुम्ही काय लिहिलं असतं, बाबा?" सगळे हसले होते. मीही हसलो होतो.

मी तिला वेष्टनावरचे घटक वाचून दाखवले. मुख्य घटक निआसिनमाइड, म्हणजे ब-३ जीवनसत्त्वाचा एक प्रकार. तो रंगद्रव्य वरच्या पेशींत पोचण्याचे थोडे मंदावतो. डाग फिके होतात. पारा नाही, शिसे नाही. जन्माचा रंग याने बदलत नाही. आणि हेच औषध आपल्याकडच्या दुकानात निम्म्या पैशांत मिळते. "मला माहीत आहे," ती म्हणाली. "मी वाचलंय सगळं. तुम्हाला आणायचं नसलं तर नका आणू." आणि तिने अक्काची चौकशी केली.

मी ती नळी फळीवर ठेवून पैसे भरायच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. तिथून परत आलो आणि ती घेतली. यादी तिची होती. आणि 'गव्हाळ' हा शब्द माझा होता. तो शब्द खोडण्याआधी तिच्या यादीतली ओळ खोडायचा मला काय अधिकार? अक्काने विचारले, "काय विसरलं होतं रे?" मी काही बोललो नाही.

शंभर मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटल्या हातातल्या सामानात चालत नाहीत, म्हणून सगळे मोठ्या बॅगेत, अक्काच्या लुगड्यांच्या घड्यांत गुंडाळून आणले. एक नळी फुटली. ती नेमकी गोगलगाईची. वहिनींना मी मंडूकपर्णीची डबी दिली. 'ही वनस्पती आहे' म्हटल्यावर त्यांचे समाधान झाले, आणि थोडेसे विरसही. कार्यालयातल्या ताईंनी दहांपैकी एक मास्क लावला. बाकीचे नऊ कपाटात आहेत.

घरी आल्याच्या दुसऱ्या रात्री मी पुतणीला आणि कन्येला बोलावून ते माहितीपत्रक काढले आणि 'गव्हाळ' खोडून 'सावळी' लिहू लागलो. पुतणीने माझा हात धरला. "काका, तेही नको," ती म्हणाली. "उंची लिहा, शिक्षण लिहा, नोकरी लिहा. रंग बघायला ते येणारच आहेत की." कन्येने पेन घेतले आणि ती ओळच नवीन प्रतीतून गाळली. तेव्हापासून दोन स्थळांनी फोन करून 'वर्ण लिहिलेला नाही' असे विचारले. पहिल्या वेळी मीच उत्तर दिले आणि घसा कोरडा पडला. दुसऱ्या वेळी पुतणीने स्वतः फोन घेतला.

सहावी नळी आरशाशेजारच्या फळीवर आहे. निम्मी संपली आहे, निम्मी तशीच. कन्या ती कधी लावते, कधी विसरते. मी विचारत नाही. उन्हाची क्रीम मात्र माय-लेकी दोघी लावतात, आणि ती संपत आली आहे. परवा मी पंढरपूरला निघालो होतो, तर आईने खोलीतून हाक मारली, "पावशेर कुंकू आण. हळदीचं बघून आण." कन्या चपला घालून दारात उभी होती. म्हणाली, "मी येते. बाबांना वास कळत नाही."