जबडा दुखतोय? मान मोडून घेण्याआधी थांबा!

बेंगळुरूच्या जयनगरमध्ये राहणाऱ्या माझ्या वहिनींनी दिवाळीत चकलीचा तुकडा तोंडात घातला आणि तसाच ताटात काढून ठेवला. कानापाशी कट्‌कन आवाज झाला होता, डोळ्यांत पाणी आले होते. ‘‘अगं, दोन महिने झाले, जांभईसुद्धा भीतभीत देते मी,’’ त्या म्हणाल्या.

दात तपासून झाले, कीड नव्हती. कानही ठीक होते. मग शेजारणीने सुचवले, ‘‘कायरोप्रॅक्टरकडे जा. मान एकदा मोडली की जबडा मोकळा!’’ वहिनींना मोहही होत होता आणि धास्तीही वाटत होती. जावे की न जावे?

दुखणे नेमके कुठले?

कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड उघडा. बोटाखाली जे हलते, तो जबड्याचा सांधा. खालच्या जबड्याचे टोक आणि कवटीचे हाड यांच्यामध्ये एक छोटी चकती असते. ती जागची सरकली की आवाज येतो. पण बहुतेकदा खरे दुखणे असते चावण्याच्या स्नायूंचे. झोपेत दात खाणे, काळजीत दात आवळून धरणे, एकाच बाजूने चावणे यांमुळे हे स्नायू थकतात. तासन्‌तास कॉम्प्युटरपुढे मान पुढे काढून बसले की मानेचे स्नायूही आखडतात आणि दुखण्यात भर पडते. हा त्रास पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक होतो.

कायरोप्रॅक्टिक म्हणजे काय?

हातांनी सांधे, विशेषतः मणके हलवून उपचार करण्याची ही पद्धत डी. डी. पामर यांनी 1895 मध्ये अमेरिकेतील डेव्हनपोर्ट येथे सुरू केली. जबड्यासाठी जाणकार कायरोप्रॅक्टर आधी मान आणि तोंडाची हालचाल तपासतो, आखडलेले स्नायू दाबून सैल करतो, जबडा हलक्या हाताने हलवतो आणि व्यायाम शिकवतो.

याचा उपयोग होतो का? ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने 2023 मध्ये जबड्याच्या जुनाट दुखण्याविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत जबडा हळुवार हलवणे, स्नायूंचे दुखरे बिंदू दाबून मोकळे करणे, देखरेखीखालील व्यायाम आणि ताण हाताळण्यासाठी मानसोपचार यांची ठाम शिफारस आहे. म्हणजे हातांच्या उपचाराला आधार आहे. पण तो फक्त कायरोप्रॅक्टरच करतो असे नाही. प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टही हेच करतात.

झटका मात्र नको

मानेला झटका दिल्यावर येणारा आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो. तो सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी झाल्याचा असतो. अशा झटक्याने क्वचित मानेतील रक्तवाहिनीचे अस्तर फाटून पक्षाघात होऊ शकतो. जबड्यासाठी हा धोका पत्करण्याचे कारण नाही. केस कापल्यावर हौसेने मान मोडून घेण्याची सवयही सोडलेली बरी.

भारतात या पद्धतीसाठी वेगळी वैधानिक परिषद नाही. तेव्हा शिक्षण कुठे आणि किती वर्षे झाले, हे न लाजता विचारा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2005 च्या सूचनांनुसार पूर्ण प्रशिक्षण किमान 4200 तासांचे असावे.

आधी कुणाकडे जावे?

पहिली पायरी दंतवैद्याची. अक्कलदाढ, किडलेला दात किंवा गुटखा-सुपारीमुळे तोंड कमी उघडणे यांचा उलगडा तिथेच होतो. स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात मावत नसतील, तर नक्की दाखवा. श्रमाने जबडा दुखत असेल, सोबत छाती भरून येत असेल, घाम सुटत असेल, तर थेट हॉस्पिटल गाठा. ते हृदयाचे दुखणे असू शकते. पन्नाशीनंतर चावताना जबडा दुखणे, नवी डोकेदुखी आणि अंधुक दिसणे एकत्र आले, तरीही वेळ दवडू नका.

घरच्या घरी

• ओठ मिटलेले, दात मात्र सुटे, जीभ टाळूला टेकलेली ठेवा. सिग्नलला गाडी अडकली की दात आवळले नाहीत ना, हे आठवून पाहा.
• काही दिवस खिचडी, मऊ भात, बिसी बेळे भात खा. चकली, ऊस, सुपारी, च्युइंगम बंद.
• गालाला कोमट शेक द्या.
• जांभई देताना हनुवटीखाली मूठ धरा.
• फोन कान आणि खांद्यात दाबून बोलू नका.

वहिनी शेवटी दंतवैद्याच्या सल्ल्याने फिजिओथेरपिस्टकडे गेल्या. बोलता बोलता कळले की सासूबाईंच्या आजारपणापासून त्या रात्रभर दात आवळून झोपत होत्या. सहा आठवडे व्यायाम केले, रात्रीच्या जागरणाची पाळी दादाने वाटून घेतली. आवाज अजून होतो, पण दुखत नाही. आणि न दुखणाऱ्या आवाजाला उपचाराची गरज नसते.

परवा त्यांचा फोन आला. ‘‘यंदा चकली मीच तळणार,’’ म्हणाल्या, ‘‘फक्त जरा खुसखुशीत!’’