विहिरीवरच्या मोटारीला 'ऑटो' चालतो, सीएनसी मशीनला का चालत नाही? विषय आहे एका 'इनेबल' वायरचा

बीड जिल्ह्यात विहिरीवरच्या मोटारीला 'ऑटो' बसवणं काही नवीन नाही. रात्री दोनला थ्री फेज लाईट येते, मालक घरी झोपलेला असतो आणि मोटार आपली आपण चालू होते. महावितरण 'ऑटो काढा' म्हणून सांगत असतं, कारण लाईट आली की सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात आणि डीपीवर ताण येतो. पण झोप कुणाला नको असते? ऑटो काही निघत नाही.

आता हाच प्रकार वर्कशॉपमधल्या सीएनसी मशीनवर झाला तर? लाईट गेली म्हणून ऑपरेटरनं जॉब काढायला आत हात घातला, तेवढ्यात लाईट आली आणि टेबल सरकलं. हे होऊ नये म्हणून जी व्यवस्था असते, तिच्यातली एक महत्त्वाची कडी म्हणजे 'सर्वो इनेबल' सिग्नल.

२०२५ मध्ये बीडसाठी टाटा टेक्नॉलॉजीजच्या सहभागातून सुमारे १९१ कोटींचं सीआयआयआयटी हे कौशल्य प्रशिक्षण केंद्र जाहीर झालं आणि सीएनसी, रोबोट हे शब्द जिल्ह्यातल्या पोरांच्या तोंडी आले. पण लहान वर्कशॉपवाल्याला नवी मशीन परवडत नाही. तो जुनी घेतो आणि रेट्रोफिट करतो. जुन्या मशीनचं लोखंड दणकट असतं, मेलेला असतो तो कंट्रोलर. मग नवा कंट्रोलर, नवे ड्राइव्ह बसवायचे. घोळ होतो तो वायरिंगमध्ये.

साधं गणित असं. कंट्रोलर सांगतो कुठे जायचं, ड्राइव्ह त्याप्रमाणे मोटरला करंट देतो. पण ड्राइव्हला मेन लाईट मिळाली म्हणजे लगेच मोटर फिरवायची परवानगी मिळाली, असं नसतं. परवानगी देते ती इनेबलची वायर, बहुतेक वेळा २४ व्होल्टची. सिग्नल आला की मोटर जागेवर घट्ट धरली जाते, गेला की सैल पडते.

जुगाडू माणूस काय करतो, तर इनेबलची पिन सरळ सप्लायला जोडून टाकतो. मशीन चालतं, पण त्याला 'ऑटो' बसलेला असतो! लाईट येताक्षणी ड्राइव्ह तयार, कंट्रोलर मात्र अजून सुरूच होतोय. जुन्या पद्धतीच्या, १० व्होल्टपर्यंतच्या कमांडवर चालणाऱ्या ड्राइव्हमध्ये तर वायरवर थोडासा व्होल्टेज उरला तरी टेबल हळूहळू सरकायला लागतं. म्हणून इनेबल मिळायच्या आधी इमर्जन्सी बटण, ड्राइव्हचा 'अलार्म नाही' सिग्नल आणि कंट्रोलरचा 'मी तयार आहे' सिग्नल, हे सगळे हजर लागतात. एक जरी गेला तरी परवानगी जाते. आणि लाईट परत आली किंवा बटण बाहेर ओढलं एवढ्यानं ती परत मिळत नाही, माणसानं वेगळं रीसेट दाबावं लागतं.

आता उंदराचा विषय. हसू नका, पॅनेलमध्ये उंदीर शिरतातच. अनेक ड्राइव्हमध्ये इनेबलची पिन शून्य व्होल्टला टेकवली की ड्राइव्ह चालू होतो. शून्य व्होल्ट मशीनच्या बॉडीला अर्थ केलेलं असेल आणि उंदरानं त्या वायरचं कव्हर कुरतडलं, तर वायर बॉडीला टेकते आणि ड्राइव्ह समजतो, परवानगी मिळाली. तेच २४ व्होल्ट पाठवून इनेबल करायची पद्धत ठेवली, तर वायर बॉडीला लागल्यावर फ्यूज उडतो आणि मशीन थांबतं. इमर्जन्सी बटणाचा कॉन्टॅक्टही याच कारणासाठी एनसी प्रकारचा घेतात. वायर तुटली तरी परिणाम बटण दाबल्यासारखाच.

सगळ्यात जपायचं ते झेड ॲक्सिसला, म्हणजे वर-खाली होणाऱ्या हेडला. इनेबल गेला की मोटर सैल पडते आणि हेडला धरून ठेवतो फक्त मोटरचा ब्रेक. हा ब्रेक २४ व्होल्ट मिळाले की सुटतो, गेले की स्प्रिंगनं लागतो. तो थेट सप्लायवर जोडला तर लाईट येताच सुटणार, मोटर अजून सैल, हेड खाली! म्हणून तो ड्राइव्हच्या ब्रेक आउटपुटवरून रिलेमार्फत चालवतात. शिवाय ब्रेक लागायला काही मिलिसेकंद जातात, तेवढा वेळ ड्राइव्हनं हेड धरून ठेवायचं असतं. ड्राइव्हमध्ये त्यासाठी सेटिंग असते, बऱ्याचदा ती शून्यावरच राहते.

इमर्जन्सीलाही एकच उत्तर नाही. परवानगी लगेच काढली तर जड टेबल वेगात असताना तसंच पुढे घरंगळतं. आयईसी ६०२०४-१ या मानकात म्हणूनच दोन रस्ते आहेत: ताकद ताबडतोब तोडायची, किंवा आधी ड्राइव्हकडून ब्रेक मारून मग टायमरवाल्या सेफ्टी रिलेनं तोडायची. कॉम्प्युटरच्या भरवशावर मात्र हे काम सोडत नाहीत, तो हँग होऊ शकतो.

जाणकार फिटर मोटर बॉलस्क्रूला जोडायच्या आधीच हे सगळं तपासतो. इनेबलची वायर उपटतो, मेन स्विच पाडून परत चढवतो, चालू मशीनवर कंट्रोलरचा सप्लाय काढतो आणि दर वेळी शाफ्ट हातानं फिरतो का बघतो. झेडची पाळी आली की हेडखाली आधी लाकडी ठोकळा लावतो.