विज्ञानाचे शिक्षक : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

विज्ञान आणि अभियांत्रिकी शिकवणाऱ्यांबद्दलचा पहिला गैरसमज त्यांच्या शिक्षणाविषयी आहे. ते सगळे एकाच वाटेने आलेले असतात आणि शिकवायचे कसे हे सगळ्यांना रीतसर शिकवलेले असते, असे धरून चालले जाते. प्रत्यक्षात महाराष्ट्रात या वाटा अगदी वेगवेगळ्या आहेत. नववी-दहावीला विज्ञान शिकवणारा शिक्षक साधारणपणे बी.एस्सी., बी.एड. असतो. ज्युनिअर कॉलेजात एम.एस्सी.सोबत बी.एड. लागते. सीनिअर कॉलेजात मात्र बी.एड.चा प्रश्नच येत नाही. तिथे एम.एस्सी. आणि नेट किंवा सेट पाहिली जाते आणि ठरावीक अटींवर पीएच.डी. झालेल्यांना त्यातूनही सूट मिळते. इंजिनिअरिंग कॉलेजात सहायक प्राध्यापक व्हायला आपापल्या शाखेतली बी.ई. आणि एम.ई. (किंवा बी.टेक., एम.टेक.) आणि त्यांपैकी एकीत प्रथम वर्ग हवा. पॉलिटेक्निकच्या अधिव्याख्यात्याला प्रथम वर्गातली पदवी पुरते. अध्यापनशास्त्राची पदवी या दोघांकडेही कुणी मागत नाही. ही उणीव जुनीच आहे. ती भरून काढण्यासाठी 1960च्या दशकात भोपाळ, चंदीगड, कोलकाता आणि चेन्नई येथे तंत्रशिक्षकांना प्रशिक्षण देणाऱ्या संस्था निघाल्या. महाराष्ट्र आणि गोवा भोपाळच्या संस्थेच्या क्षेत्रात येतात.

म्हणजे वर्ग कसा हाताळायचा याचे सर्वांत रीतसर शिक्षण सहसा शाळेतल्या शिक्षकाला मिळालेले असते आणि समाजात मान मात्र त्याच्या उलट्या क्रमाने मिळतो.

शाळेच्या शिक्षकाची अडचण वेगळी असते. दहावीला ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ या विषयाची दोन पुस्तके आहेत. पहिल्यात गुरुत्वाकर्षण, भिंगे, विद्युतधारा आणि कार्बनी संयुगे, तर दुसऱ्यात आनुवंशिकता, जीवनप्रक्रिया आणि सूक्ष्मजीव. अनेक शाळांत दोन्ही भाग एकाच शिक्षकाकडे असतात. वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. केलेल्या बाईंना भिंगाची सूत्रे शिकवावी लागतात, तर भौतिकशास्त्राच्या सरांना पेशीविभाजन. ‘विज्ञानाचे सर आहेत, म्हणजे सगळे विज्ञान येत असणार’ ही पालकांची समजूत इथेच पहिल्यांदा कोलमडते.

दुसरा समज इतिहासाबद्दलचा. आजच्यासारख्या पदव्या असल्याशिवाय विज्ञान शिकवणारे तयारच होत नव्हते, असे वाटणे साहजिक आहे. पण मराठीतल्या विज्ञानशिक्षणाचा पाया घालणाऱ्यांपैकी काही जणांच्या नावापुढे पदवीच नव्हती. केरो लक्ष्मण छत्रे (1825–1884) पोरवयातच मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत कामाला लागले. मुंबई विद्यापीठ स्थापन झाले 1857 साली, तेव्हा ते तिशी ओलांडून गेले होते. पुढे ते पुण्यात गणित आणि सृष्टिशास्त्राचे प्राध्यापक झाले. मराठी शाळांसाठी त्यांनी अंकगणित आणि पदार्थविज्ञानाची पुस्तके लिहिली, ग्रहगणिताची कोष्टके तयार केली आणि त्यांच्या हाताखाली टिळक गणित शिकले. शंकर बाळकृष्ण दीक्षित (1853–1898) मॅट्रिकच्या पुढे गेले नाहीत. ठाणे, बार्शी, धुळे अशा गावी शाळामास्तरकी करून शेवटी ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात आले. नोकरी सांभाळून त्यांनी लिहिलेला ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ 1896 साली प्रसिद्ध झाला आणि भारतीय खगोलशास्त्राच्या इतिहासावर काम करणाऱ्याला तो अजून टाळता येत नाही. त्याच वर्षी रॉबर्ट स्युएल यांच्याबरोबर त्यांनी भारतीय कालगणनेवर इंग्रजी ग्रंथही काढला.

या उदाहरणांवरून ‘पदवीला काही अर्थ नाही’ असा निष्कर्ष काढण्याची घाई होते. तोही गैरसमजच. छत्र्यांना वेधशाळेत रोजच्या नोंदींची शिस्त लागली होती आणि दीक्षितांना संस्कृत ज्योतिषग्रंथ मुळातून वाचता येत होते. पदवी नव्हती, पण तालीम पक्की होती.

‘दुसरीकडे कुठे जमले नाही म्हणून मास्तर झाला’ हे वाक्य तर इतके सवयीचे आहे की ते खरे आहे का, हे कुणी तपासत नाही. चंद्रशेखर वेंकट रामन 1907 साली सरकारच्या वित्त खात्यात अधिकारी झाले. दहा वर्षे त्यांनी, बहुतांश कलकत्त्यात, हिशेबतपासणीची नोकरी केली आणि कामाआधी व कामानंतर प्रयोगशाळा गाठली. 1917 साली प्राध्यापकपद मिळाले तेव्हा पगारात नुकसान सोसून त्यांनी ते स्वीकारले. मृदंग आणि तबल्यावर घातलेल्या शाईमुळे त्यांचे नाद सुरेल का होतात, हा त्यांच्या आवडीचा प्रश्न होता आणि त्यावर त्यांनी शोधनिबंधही लिहिला. अभियांत्रिकीतले उदाहरण मन मोहन शर्मांचे. मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागातून, म्हणजे यूडीसीटीतून, पदवी आणि 1964 साली केंब्रिजची पीएच.डी. घेऊन ते परतले ते थेट यूडीसीटीत, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी प्राध्यापक म्हणून. 1990 साली ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

अर्थात नोकरीच्या बाजारात कुठेच न जमल्याने शिकवायला आलेले लोकही आहेत. खासगी इंजिनिअरिंग कॉलेजे भराभर वाढली त्या काळात तर ते पुष्कळ आले. आजही तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासापुरत्या मानधनावर, शिकवणारे एम.एस्सी. आणि एम.ई. झालेले तरुण वर्षानुवर्षे कायम नेमणुकीची वाट पाहत असतात. त्यांच्याबाबत ‘जमले नाही’ हा शेरा तर सरळ अन्यायाचा आहे. ते या पेशात आले आहेत, पेशा त्यांना आत घ्यायला तयार नाही.

विज्ञानाचा शिक्षक म्हणजे साहित्य, इतिहास आणि कला यांचे वावडे असलेला माणूस, हा समज शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या नाटुकल्यांनी पक्का केला आहे. सत्य बरेच रंगतदार आहे. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात विज्ञान शिकवणारे बाळाजी प्रभाकर मोडक यांनी मराठीत रसायनशास्त्रावर लिहिले, तसेच दक्षिणेतल्या मुसलमानी राज्यांच्या इतिहासावरही. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक गो. रा. परांजपे 1928 साली पुण्यात सुरू झालेल्या ‘सृष्टिज्ञान’ मासिकाच्या संस्थापकांपैकी एक होते. त्याच संस्थेत जीवरसायनशास्त्र शिकवणाऱ्या कमला सोहोनी यांच्या घरात रसायनशास्त्र आधीपासूनच होते. वडील आणि काका दोघेही बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले रसायनतज्ज्ञ, तर बहीण लेखिका दुर्गा भागवत. नीरेच्या पोषणमूल्यावर संशोधन करणाऱ्या कमलाबाई ग्राहक चळवळीतही उतरल्या आणि ‘कीमत’ या मासिकात सामान्य गिऱ्हाइकांसाठी लिहू लागल्या. विज्ञान शिकवणाऱ्या स्त्रिया आत्ताआत्ताच पुढे आल्या, असे मानणाऱ्यांनी त्यांचे जन्मसाल पाहावे : 1911.

दामोदर धर्मानंद कोसंबी (1907–1966) यांच्यापाशी मात्र जरा थांबायला हवे. गोव्यातल्या कोसबेनला जन्म, हार्वर्डची पदवी आणि 1930च्या दशकात पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे अध्यापन. त्यांनी भर्तृहरीच्या सुभाषितांची पाठचिकित्सा करून आवृत्ती काढली आणि प्राचीन भारताच्या इतिहासावर वाद पेटवणारे लेखन केले. हे छंद गणिताशी फटकून होते असे समजणे चूक आहे, आणि ते दिसते त्यांच्या नाण्यांवरच्या कामात. हातोहात फिरणारे नाणे झिजते, त्याचे वजन थोडे थोडे कमी होते. एका नाण्याचे वजन काहीच सांगत नाही, कारण ते टाकसाळीतूनच कमी-जास्त निघालेले असू शकते. पण एकाच साठ्यातली शेकडो नाणी नाजूक तराजूवर तोलून गटागटाने सरासरी काढली, तर कोणता गट जास्त काळ चलनात होता हे कळू शकते. तक्षशिलेला सापडलेल्या आहत नाण्यांवर त्यांनी हे केले. नाण्याच्या मागच्या बाजूला बारीक ठशांची संख्या वाढत जाते तशी सरासरी वजने उतरत जातात, हे त्यांनी दाखवले. राजाचे नाव न कोरलेल्या नाण्यांचा कालक्रम लावायला त्यातून एक साधन मिळाले. शिवाय 1944 साली त्यांनी गुणसूत्रावरची अंतरे काढण्याचे जे सूत्र मांडले, ते जनुकशास्त्रात आजही ‘कोसंबी’ याच नावाने वापरले जाते. गणिताचा मास्तर, जनुकशास्त्र, नाणी आणि भर्तृहरी, हे सगळे एकाच टेबलावर.

शाळामास्तर संशोधन करत नाहीत, हा समज दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी (1905–1986) कायमचा निकालात काढायला हवा होता. डहाणूला जन्मलेले कापरेकर 1930 ते 1962 अशी बत्तीस वर्षे देवळालीच्या शाळेत शिकवत होते. त्यांची प्रसिद्ध गंमत कागदावर करून पाहण्यासारखी आहे. सगळे अंक सारखे नसतील अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, समजा 3524. अंक उतरत्या क्रमाने लावले की 5432, चढत्या क्रमाने 2345, आणि वजाबाकी 3087. पुन्हा तेच केले तर 8730 वजा 0378 म्हणजे 8352. आणखी एकदा, 8532 वजा 2358 : 6174. आता पुढे कितीही वेळा केले तरी 7641 वजा 1467 हे 6174च येते. सुरुवात कुठूनही केली तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच पोहोचायचे. त्यांच्या ‘डेम्लो’ संख्यांचे नाव एका रेल्वे स्टेशनावरून आले. ते स्टेशन म्हणजे आजचे डोंबिवली. देशात बरेच दिवस त्यांच्याकडे हौशी माणूस म्हणूनच पाहिले गेले. 1975 साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिले, तेव्हा जगाचे लक्ष गेले. त्यांच्याबद्दलचा उलटा गैरसमजही आहे, की ते गणित न शिकलेले चमत्कारी गृहस्थ होते. कापरेकर फर्ग्युसनचे बी.एस्सी. होते आणि विद्यार्थिदशेतच त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले होते.

‘इंजिनिअरिंगच्या प्राध्यापकाने कधी हातात पाना धरलेला नसतो’ ही तक्रार निम्मी खरी आहे. नियमाप्रमाणे सहायक प्राध्यापक व्हायला कारखान्यातला अनुभव सक्तीचा नाही, आणि बी.ई., एम.ई. करून थेट फळ्यापाशी उभे राहणारे बरेच असतात. पण ही सर्व तंत्रशिक्षकांची गोष्ट नव्हे. पुण्याच्या आजच्या सीओईपीची सुरुवात 1854 साली झाली ती सार्वजनिक बांधकामासाठी कनिष्ठ अधिकारी तयार करायला. यूडीसीटीच्या प्राध्यापकांनी रसायन कारखान्यांना सल्ला देण्याची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या चालवली. आणि आयटीआयमधला निदेशक टर्नर, फिटर, वेल्डर यांच्यासमोर उभा असतो तो आधी स्वतः तो ट्रेड शिकून. निदेशकांना प्रशिक्षण देणारी केंद्र सरकारची संस्था मुंबईत चुनाभट्टीला आहे. पाना न धरल्याचा आरोप या निदेशकावर करायला कुणी धजणार नाही. अडचण ही, की त्याला ‘विज्ञान-तंत्रज्ञानाचा शिक्षक’ म्हणून मोजायचेच सहसा विसरले जाते.

शेवटचा समज उत्तम शास्त्रज्ञ तोच उत्तम विज्ञानशिक्षक, हा. याची चांगली परीक्षा मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात झाली. 1972 साली तिथल्या 16 उच्च प्राथमिक शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. दिल्ली विद्यापीठ, टीआयएफआर अशा ठिकाणांहून शास्त्रज्ञ आले, पण वर्ग त्यांनी घ्यायचे नव्हते. वर्ग घ्यायचे होते गावच्या शिक्षकांनी, ज्यांतल्या अनेकांचे स्वतःचे विज्ञानशिक्षण तुटपुंजे होते. उन्हाळी शिबिरांत शिक्षक स्वतः प्रयोग करत, चुकत, आणि पाहुण्या प्राध्यापकांना अडचणीत टाकणारे प्रश्न विचारत. त्या प्रश्नांमुळे धडे बदलले, आणि परीक्षेत मुलांना पुस्तक उघडून उत्तरे लिहायची मुभा मिळाली. 1978 साली कार्यक्रम सगळ्या जिल्ह्यात पोहोचला. पुढे तो इतर जिल्ह्यांतही गेला आणि 2002 साली राज्य सरकारने तो बंद केला.